फ्रीजरमधली नळी, बर्फाचं जहाज आणि दीड टनाचा एसी

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, असं सांगणाऱ्यांचे बरेच मेसेज सध्या येतायत. त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. विषय चांगला असतो, वाचनही असतं, पण प्रश्न अशा मापात विचारलेला असतो की त्याचं उत्तर कितीही अचूक आलं तरी उपयोग नसतो. मीही हे केलंय, आणि चांगलं तीन दिवस केलंय. म्हणून आज ती गोष्ट आणि तिच्यामागचा इतिहास.

माझं काम मातीच्या भांड्यांवर आहे. गाव तेर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर असल्याचं लिहिलंय, ते हेच, असं फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिलं. चापेकरांचं १९५८ चं उत्खनन, रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय, हे तुम्हाला माहीत असेलच. मी मात्र त्या मे महिन्यात फार साधं काम करत होतो. घरातले आणि भावकीतले जुने माठ, रांजण, घागरी यांचे चहूबाजूंनी शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांची त्रिमितीय प्रतिकृती बनवायची. एका भांड्याला सात-आठ तास मशीन पूर्ण ताकदीनं पळायचं.

मशीन वॉटर कूलिंगचं. म्हणजे चिपवर तांब्याची एक पोकळ पट्टी, तिच्यातून पाणी फिरतं, छोटा पंप ते पाणी रेडिएटरकडे नेतो, पंखा रेडिएटरवर हवा मारतो. गाडीच्या इंजिनासारखंच. पण रेडिएटरवर मारायची हवाच ४२ अंशांची असेल तर? दुपारी एक वाजला की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडायचं, आणि पाच-सहा तासांचं काम पाण्यात. पुढच्या आठवड्यात गाईडना दहा प्रतिकृती दाखवायच्या होत्या. तयार होत्या तीन.

माझा आतेभाऊ, दादा, त्याचं शीतपेयांचं दुकान आहे. त्याच्याकडे एक जुना छोटा डीप फ्रीजर पडून होता. तो म्हणाला, "आरं, ही नळी फ्रीजरमधी सोड की. आत उणे अठरा हाय. तुझं मशीन कुडकुडंल." मला पटलं. तुम्हालाही आत्ता पटलं असणार, खरं सांगा.

फ्रीजरमध्ये पंधरा लिटर पाण्याची बादली ठेवली. रात्रभरात पाणी पाच अंशांपर्यंत आलं. सकाळी पंपाच्या दोन्ही नळ्या वाढवून बादलीत सोडल्या, झाकणाच्या फटीत जुनी चादर कोंबली आणि मशीन सुरू केलं. पहिला तास झकास. चिपचं तापमान आधी कधीच दिसलं नव्हतं इतकं खाली. मी त्याचा आलेख काढला आणि उत्साहाच्या भरात गाईडना पाठवलासुद्धा. दुसरा तास, अजून बरं. जेवून आलो तर बादलीतलं पाणी कोमट, फ्रीजर एकसारखा घुरघुरतोय, त्याच्या बाजूच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि खोली नेहमीपेक्षा जास्त तापलेली. मशीन बंद. दुसऱ्या दिवशी बादली मोठी घेतली. तिसऱ्या दिवशी बर्फाच्या लाद्या आणून टाकल्या. दर वेळी तेच, फक्त थोडं उशिरा.

गाईडचं उत्तर एका ओळीचं होतं: आलेखाचा आडवा अक्ष फक्त साठ मिनिटांचा का आहे?

आता वही-पेन घ्या, हे गणित दहावीचं आहे. माझं मशीन पूर्ण ताकदीत साधारण ३०० वॅट खातं, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे दर सेकंदाला ३०० ज्यूल. पंधरा लिटर पाणी एक अंशानं तापायला सुमारे ६३ किलोज्यूल लागतात. म्हणजे साडेतीन मिनिटांना एक अंश. आता फ्रीजर. शंभरेक वॅट वीज खाणारा असा छोटा फ्रीजर आतली उष्णता बाहेर काढतो ती फार तर १०० ते १५० वॅटच्या वेगानं. त्याचं कामच मुळी आधीच गार झालेली वस्तू गार ठेवण्याचं. भिंतींतून झिरपणारी थोडीशी उष्णता बाहेर टाकत राहायची. ३०० मधून त्याचे १०० वजा करा. सव्वापाच मिनिटांना एक अंश. पाच अंशांवरून तीसवर यायला दोन तास दहा मिनिटं. माझा ‘यशस्वी प्रयोग’ म्हणजे एवढाच होता: रात्रभरात साठवलेला गारवा मी दोन तासांत खर्च केला होता. बर्फाचंही तेच. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, ३०० वॅटला ते काम साडेअठरा मिनिटांचं. दहा किलोची लादी तीन तासांत संपते.

आणि खोली का तापली? फ्रीजर उष्णता नाहीशी करत नाही, आतली बाहेर टाकतो. तो त्याच खोलीत होता. मशीनचे ३०० आणि फ्रीजरची स्वतःची वीज १००, असे ४०० वॅट मी बंद खोलीत सोडत होतो.

दादा विचारत होता, मीही विचारत होतो: ‘किती थंड?’ उणे अठरा हे त्याचं उत्तर बरोबरच होतं. विचारायला हवं होतं ते ‘दर सेकंदाला किती?’ हे.

इथून इतिहासाकडे वळू, कारण ही गफलत आमच्या दोघांच्याच डोक्यातली नाही. माणसानं फार मोठा काळ थंडी ही वस्तू मानली. साठवायची, वाहून न्यायची, विकायची, वाटायची. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलनं सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करण्याची रीत लिहून ठेवलीय, आणि दरबार लाहोरला गेल्यावर डोंगरातून बर्फ कसा यायचा तेही. दोन्ही ठिकाणी थंडी कुठून तरी आणलेली आहे.

१७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादच्या बर्फ करणाऱ्यांबद्दल लिहिलं. मोकळ्या मैदानात खड्डे, त्यात वाळलेल्या काड्यांचा थर, त्यावर मातीच्या पसरट थाळ्या, थाळ्यांत उथळ पाणी. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री सकाळपर्यंत बर्फ. इथं थंडी कुणी आणली नाही. खालून उष्णता यायची वाट काड्यांनी अडवली आणि वरून ती आकाशाकडे जाऊ दिली. जाण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा जास्त, एवढंच. त्या कारागिरांनी हे वॅटमध्ये मांडलं नसेल, पण थाळी उथळ का, काड्या कोरड्याच का, ढग आले की बर्फ का होत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात प्रश्न नीट कळलेली पहिली माणसं हीच, आणि त्यांची नावं आपल्याकडे नाहीत.

मग येतं ते बर्फाचं जहाज. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर. तळ्यांवरचा बर्फ करवतीनं कापायचा, भुशात गुंडाळायचा आणि उष्ण देशांत विकायचा, हा त्याचा धंदा. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचं त्याचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरात कोलकात्याला पोहोचलं तेव्हा त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे हा बर्फ मुंबई आणि मद्रासलाही येऊ लागला. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरचं १८४२ चं ‘आइस हाऊस’ आजही उभं आहे.

पुस्तकांत ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात: चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडलं, तरी निम्म्याहून जास्त बर्फ टिकला! मीही ती तशीच वाचली होती. फ्रीजरच्या फजितीनंतर पुन्हा वाचली आणि गणित मांडलं. ८० टन बर्फ चार महिन्यांत वितळला, म्हणजे जहाजाच्या पोटात उष्णता शिरण्याचा सरासरी वेग किती? टन कुठला धरायचा यावर आकडा थोडा हलतो, पण उत्तर अडीच किलोवॅटच्या आसपास येतं. माझ्यासारखे आठ कॉम्प्युटर. अख्ख्या जहाजाला! भुसा आणि लाकडाची कमाल ही, की त्यांनी वेग इतका कमी ठेवला. बर्फ तर वितळणारच होता.

आता तुमच्या ओळखीचा शब्द. ‘दीड टनाचा एसी.’ हा टन कसला? दुकानदाराला विचारून बघा, बहुतेक जण म्हणतील, ताकद. वजन तर नक्कीच नाही, दोन माणसं तो उचलून भिंतीला लावतात. हा ट्यूडरच्या जगातला टन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रानं थंड करणं धंद्यात आलं (जेकब पर्किन्सनं अशा यंत्राचं पेटंट १८३४ मध्येच घेतलं होतं, म्हणजे टस्कनी कोलकात्याला लागल्यानंतर वर्षभरात), तेव्हा गिऱ्हाइकाला फक्त बर्फाची भाषा कळत होती. म्हणून यंत्राचं माप ठरलं असं: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात काढणारं यंत्र एक टनाचं. वॅटमध्ये साडेतीन हजार. त्या व्याख्येत ‘चोवीस तासांत’ हा शब्द आला तिथं साठा जाऊन वेग आला. एककं ही सुद्धा ऐतिहासिक साधनं असतात, ताम्रपटासारखी वाचता येतात. पुस्तकांतल्या ओळींवर खुणा करताना आपण एककांवरून सरळ पुढे जातो.

कॉम्प्युटरचा इतिहास या नजरेनं वाचला तर वेगळा दिसतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टीफ्रॅक’ सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. अशा एका छोट्या ट्यूबमधली तार तापवायलाच साधारण दोन वॅट लागतात. गुणाकार करा: साडेपाच किलोवॅटच्या घरात. एकही बेरीज-वजाबाकी व्हायच्या आधी, नुसत्या तारांसाठी दीड टनाचा एसी. (हा माझा अंदाज आहे, संस्थेचा आकडा नव्हे; पण असा अंदाज करायची सवय लावून घ्या.) मुंबईच्या दमट हवेत हे मशीन चालवणाऱ्यांना गणिताइतकीच हवेचीही काळजी घ्यावी लागणार, हे उघड आहे.

१९७६ चा क्रे-१ तर अक्षरशः फ्रीजमधला कॉम्प्युटर. सर्किटच्या पाट्यांमधल्या तांब्याच्या पत्र्यातून उष्णता कडेच्या दांड्यांत, आणि दांड्यांतल्या नळ्यांतून फ्रिऑन, तेव्हाच्या फ्रीजमध्ये असायचा तोच वायू. म्हणजे दादाची कल्पना येडपट अजिबात नव्हती. फरक एवढाच की क्रे-१ सुमारे ११५ किलोवॅट वीज घ्यायचा आणि त्याची शीतयंत्रणा तेवढ्याच मापाची होती. टनांत सांगायचं तर तेहतीस टन. आमच्याकडे ३०० वॅटच्या मशीनसमोर १०० वॅटचा फ्रीजर.

अशी मशीनं भारताला सहज मिळत नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ आला. त्याची वाट वेगळी होती. एक प्रचंड तापणारा प्रोसेसर करण्याऐवजी बरेच छोटे ट्रान्सप्यूटर एकमेकांना जोडायचे. परमचा इतिहास आपण नकार, जिद्द, स्वदेशी अशा शब्दांत सांगतो, आणि ते खरंही आहे. पण छोटे प्रोसेसर म्हणजे उष्णता पसरलेली, एका जागी साठलेली नाही. ही बाजू कुणीतरी नीट लिहायला हवी. विषय शोधत असाल तर घ्या हा.

पुढे चिपचं तंत्र बदललं, उष्णता एकदम घटली आणि १९९० च्या दशकात मोठ्या मशीनमधलं पाणी जवळजवळ गेलंच. मग चिप पुन्हा तापू लागल्या आणि पाणी परत आलं. इतिहास एका दिशेनं जात नाही याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं. आज पुण्यात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे, २०१९ पासून. त्यात पाणी थेट चिपवरच्या पट्टीपर्यंत नेलंय. तत्त्व माझ्या खोलीतल्या मशीनचंच.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट: २०१० मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आयबीएमनं ‘ॲक्वासार’ नावाचं मशीन बसवलं. ते थंड व्हायला जे पाणी आत जायचं ते ६० अंशांचं. साठ! आपण त्यानं आंघोळही करू शकत नाही. पण चिप ८० अंशांपर्यंत चालते, आणि चिपपासून पाण्यापर्यंतची वाट चांगली असेल तर वीस अंशांचा उतारसुद्धा उष्णता वाहून जायला पुरतो. बाहेर आलेलं आणखी गरम पाणी त्यांनी इमारती उबदार ठेवायला वापरलं. कॉम्प्युटर थंड करायला थंडी लागतेच असं नाही.

मी उणे अठराच्या मागे लागलो होतो, त्यात आणखी एक धोका होता. हवेतलं बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन बसतं त्याला दवबिंदू म्हणतात. तेरच्या कोरड्या मे महिन्यात तो खाली असतो, जुलैत बराच वर. गार पाण्याची नळी त्याच्या खाली गेली की बाहेरून घाम सुटतो आणि थेंब बोर्डावर. विलिस कॅरियरनं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी केलेलं यंत्र मुळात हवेतल्या ओलाव्यासाठी होतं, कागद फुगायचा म्हणून. बर्फाच्या लाद्या टाकल्या त्या दिवशी नळीवर थेंब दिसले होते. मी ते फडक्यानं पुसले आणि वहीत लिहिले नाहीत. असं करू नका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आज्जी माठाला ओलं फडकं गुंडाळत होती. माझी फजिती तिनं सगळी पाहिली होती. म्हणाली, "माठ गार करत न्हाई बाबा, माठ पाझरतो." माठ जुना झाला, त्याची छिद्रं बुजली की पाणी गार होत नाही, हे तिला शिकवायला कुणी लागलं नव्हतं. कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतो, भाजताना ती जळून जाते आणि बारीक छिद्रं उरतात. ज्या गावात गोरोबाकाकांची समाधी आहे, जिथं भांडं पक्कं की कच्चं हे थापटण्याच्या आवाजावरून ओळखण्याची गोष्ट प्रत्येक पोराला पाठ आहे, त्या गावात मी मातीच्या भांड्यांवर पीएच.डी. करत होतो आणि माझ्या सिनॉप्सिसमध्ये प्रश्न होता: ‘या भांड्यांत पाणी किती थंड होत असे?’

त्याचं उत्तर मोजून काहीच कळत नाही. ते त्या दिवशीच्या हवेवर ठरतं, भांड्यावर कमी. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. म्हणून भरलेला माठ वजनकाट्यावर ठेवायचा आणि दर तासाला वजन लिहायचं. समजा तासाला ६० ग्रॅम घटले, तर तो माठ ४० वॅटच्या वेगानं उष्णता बाहेर टाकतोय. हे मोजमाप भांड्याबद्दल बोलतं: भिंत किती जाड, माती कशी, भाजणी कशी. दोन गावांच्या, दोन काळांच्या भांड्यांची तुलना होऊ शकते, अर्थात त्याच हवेत शेजारी ठेवून. खापराच्या तुकड्यावरूनही छिद्रांचं प्रमाण मोजता येतं. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आता यावर आहे. सिनॉप्सिस बदलायला अर्ज करावा लागला, सहा महिने गेले, तो भाग वेगळ्या पोस्टमध्ये.

मशीनचं काय झालं ते राहिलं. ३०० वॅट वाफेतून घालवायचे तर तासाला साडेचारशे ग्रॅम पाणी पुरे, म्हणजे अर्धा लिटरही नाही. एवढं तर घरचा साधा वाळ्याचा कूलर सहज उडवतो. रेडिएटर काढून कूलरच्या तोंडासमोर टांगला, खिडकी उघडी ठेवली. ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी कूलरची हवा सव्वीस-सत्तावीसची. मशीन सलग अकरा तास चाललं. या वेळी आलेख अकरा तासांचाच पाठवला. दहापैकी सात प्रतिकृती वेळेत झाल्या, तीन राहिल्या, त्यातल्या दोन वेळा लाईट गेली होती.

फ्रीजर दादानं परत नेला. त्यात आता पोरांचे पेप्सीकोला असतात.